साडेतीन वर्षं बायकोच्या तपासण्या झाल्या, माझी एक राहिली होती (सल्ला हवा आहे)

माळरान | १२ जून, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. जुन्या आयडीनं मी इथं पाककृती आणि क्रिकेटवर भांडत असतो. हा आयडी मुद्दाम नवा काढलाय, कारण त्या आयडीला निम्मा गाव ओळखतो.

मी ३७, बायको ३४. लग्न २०१८ चं. कोल्हापूरजवळ एका फौंड्रीत भट्टीवर सुपरवायझर आहे. २०१९ पासून मूल हवं म्हणून प्रयत्न चालू केले, २०२० मध्ये डॉक्टर गाठले. बायकोची पाळी अगदी घड्याळासारखी, २८-३० दिवसांनी. तरी दर महिन्याला सोनोग्राफी करून अंडं किती वाढलं, कधी फुटलं ते बघायचं. सहा महिने अंडं वाढायच्या गोळ्या. मग आम्ही एचएसजी केली (नळ्यांचा एक्स-रे), नळ्या मोकळ्या. मग आम्ही दुर्बिणीचं ऑपरेशन केलं, त्यात बीजांडांना ड्रिलिंग (बारीक भोकं पाडणं) करून घेतलं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सगळं नॉर्मल. एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) १.३.

माझी तपासणी डिसेंबर २०२३ मध्ये झाली. तीही डॉक्टर बदलल्यावर. नवीन बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "यांचा रिपोर्ट कुठाय?" आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो. खरं सांगायचं तर आधीच्या ठिकाणी दोनदा चिठ्ठी लिहून दिली होती. मीच खिशात घातली आणि पँट धुवायला टाकली. आमच्या घराण्यात असलं काही नसतं, अशी माझी समजूत.

रिपोर्ट आला: शुक्राणूंचा काउंट मिलीला ३ मिलियन, पुढं सरकणारे शुक्राणू ८ टक्के. तीन आठवड्यांनी परत केला, तसाच. उभं करून तपासल्यावर डावीकडं व्हेरिकोसील (वृषणाच्या फुगलेल्या शिरा) निघालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोस्कोपखाली ऑपरेशन झालं. सप्टेंबरमध्ये काउंट ११ मिलियन, सरकणारे २८ टक्के. त्यानंतर दोन आययूआय (धुतलेले शुक्राणू नळीनं पिशवीत सोडणं) झाल्या, दोन्ही फेल. आता डॉक्टर आयसीएसआय (टेस्ट ट्यूब बेबीचाच प्रकार) करा म्हणतात, दोन लाखांच्या घरात खर्च. आई म्हणते, नरसोबाच्या वाडीला नवस बोला आणि थोडं थांबा.

विचारायचं हे की अजून दोन-तीन आययूआय कराव्यात की थेट पुढं जावं? आणि काउंट अजून वाढेल का?

---

अबोली८९ | १३ जून, सकाळी ७.१५

वाचतेय. आणि लिहिल्याबद्दल खरंच कौतुक. पुरुषाने स्वतःबद्दल काढलेला असा धागा इथे मला तरी आठवत नाही.

---

कडुलिंब | १३ जून, दुपारी २.०५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथं कुणाला उपचार सांगत नाही, विचार कसा करायचा तेवढं सांगते.

नियमित संबंध असताना वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर तपासण्या सुरू करायच्या. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. आणि सुरू करायच्या म्हणजे दोघांच्या, एकाच आठवड्यात. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण सापडतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. ती तपासणी काही शे रुपयांची, सुई नाही, भूल नाही. बाईची एचएसजी म्हणजे पिशवीत नळीने औषध ढकलून एक्स-रे. ज्यांनी ती करून घेतलीय त्यांना विचारा कसं दुखतं. तरी आपल्याकडे क्रम उलटाच चालतो. माझ्या ओपीडीत बाई सासूबरोबर येते. नवरा बाहेर गाडीत.

ड्रिलिंगबद्दल. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी लांबण्याचा आजार) असेल, अंडं फुटतच नसेल आणि गोळ्यांनीही फुटत नसेल, तर क्वचित त्याचा विचार करतात. पाळी घड्याळासारखी येत असेल तर अंडं बहुतेक दर महिन्याला फुटतंय. तिथे ड्रिलिंगने मिळवायचं काय, हा माझा प्रश्न आहे. उलट त्यात बीजांडाचा थोडा साठा जळतो. तुमच्या पत्नीचा एएमएच आधी किती होता, कागद असतील तर बघा. पण १.३ वाचून घाबरू नका. एएमएच अंडी किती शिल्लक आहेत ते सांगतो, ती चांगली आहेत की नाहीत ते सांगत नाही. त्यासाठी वयच बघायचं, आणि ३४ हे अजून बरं वय आहे.

आता तुमचा हिशेब. नमुना २ मिली धरला तर २ गुणिले ११ गुणिले २८ टक्के, म्हणजे पुढे सरकणारे साधारण ६ मिलियन. लॅबमध्ये धुतल्यावर त्याहून कमी. एकूण ५ मिलियनच्या खाली गेलं की आययूआयचं यश फार घसरतं, तुम्ही त्या काठावर आहात. सगळं बरं असलं तरी एका आययूआयला दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच यश असतं. व्हेरिकोसीलच्या ऑपरेशनचा फायदा दिसायचा तो सहा महिने ते वर्षभरात दिसतो. तुमचं वर्ष उलटून गेलंय.

आयसीएसआय १९९२ मध्ये ब्रुसेल्सला पहिल्यांदा यशस्वी झालं ते तुमच्यासारख्यांसाठीच. एका अंड्यात एक शुक्राणू सुईने सोडायचा. त्यामुळे कोट्यवधी लागत नाहीत, जितकी अंडी मिळतील तितकेच लागतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा. पहिला काउंट ३ होता. ५ च्या खाली असेल तर कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी करतात. काउंट फारच कमी किंवा शून्य असेल तर वाय गुणसूत्राचा तुकडा गळालाय का तेही बघतात, कारण तो दोष आयसीएसआयने झालेल्या मुलाकडे तसाच जातो. हे झालंय का?

---

माळरान | १३ जून, संध्याकाळी ७.५०

डॉक्टर, कॅरिओटाइप झाली होती, ४६ एक्सवाय, नॉर्मल. ते काय आहे ते आज कळलं. एएमएचचा जुना कागद शोधतो.

---

काचपट्टी | १३ जून, रात्री ९.३०

मी लॅबवाला. अठरा वर्षं हेच मोजतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

नमुना देताना लोक जे घोळ घालतात त्यानेच निम्मे रिपोर्ट बिघडतात. दोन ते सात दिवसांचा खंड हवा. कालच संबंध आला असेल तर काउंट कमी दिसतो. पंधरा दिवस साठवून आणलं तर काउंट फुगतो पण मेलेले जास्त. साबण, तेल, थुंकी काही लावायचं नाही. साध्या कंडोममध्ये आणायचं नाही, त्यात शुक्राणू मारणारं औषध असू शकतं. घरून आणत असाल तर बाटली शर्टाच्या आत अंगाला धरून, तासाभराच्या आत. एकदा एकाने बर्फाच्या डब्यात आणली होती, दूध आणावं तशी. आणि थोडं सांडलं असेल तर सांगा हो! पहिल्या थेंबांतच जास्त माल असतो. लाजून सांगत नाहीत आणि मग "काउंट कमी" म्हणून सहा महिने औषधं खातात.

आकडे कसे वाचायचे: जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची आवृत्ती बघा. नमुना १.४ मिली, काउंट मिलीला १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३०, आणि नॉर्मल आकाराचे फक्त ४ टक्के. हो, चार. "९६ टक्के ॲबनॉर्मल" वाचून लोक माझ्या टेबलावर रडलेत. आणि हे आकडे पास-नापासाचे नाहीत. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले, अशा पुरुषांतल्या तळाच्या ५ टक्क्यांची रेघ आहे ती. १४ वाल्यालाही मूल होतं, ४० वाल्यालाही होत नाही.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर बाहेर यायला आठ-पंधरा. म्हणजे आजचा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीची तब्येत सांगतो. डेंग्यू, टायफॉइड, कसलाही मोठा ताप येऊन गेला असेल तर रिपोर्ट पडतो, पुन्हा चढतो. म्हणून एका रिपोर्टवर काहीही ठरवायचं नाही.

माळरान, तुम्ही भट्टीवर. वृषणं शरीरापेक्षा दोनेक अंशांनी थंड राहावीत म्हणूनच देवाने बाहेर टांगलीत. आणि मावा खाता का? खरं सांगा.

---

माळरान | १३ जून, रात्री १०.१०

खातो. दिवसाला चार-पाच पुड्या.

---

काचपट्टी | १३ जून, रात्री १०.१२

मग मी काय बोलू.

---

डंबेल_दादा | १४ जून, सकाळी ६.४०

विषय निघालाय तर माझंही. २९ वय, पिंपरीत जिम. ट्रेनरच्या सांगण्यावरून वर्षभर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली. दंड असे झाले की आई म्हणाली, दृष्ट काढते. लग्नानंतर दीड वर्षाने रिपोर्ट: शून्य. एकही नाही. मला वाटलं होतं की पुरुषी हार्मोन घेतलं तर शुक्राणू वाढतील. प्रत्यक्षात बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना ऑर्डर द्यायचीच बंद करतो. कारखान्याला टाळं.

इंजेक्शनं बंद केली, वृषणांना पुन्हा कामाला लावणारं एचसीजी आणि गोळ्या चालल्या, अकरा महिन्यांनी १९ मिलियन. माझं नशीब. माझ्या बॅचच्या एकाला दोन वर्षं लागली.

---

कडुलिंब | १४ जून, सकाळी ९.००

डंबेल_दादा, हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. ताकद वाटत नाही म्हणून हीच इंजेक्शनं मूल हवं असलेल्या पुरुषांना लिहून दिलेलीही मी पाहिलीत.

शून्य आलं म्हणजे संपलं असंही नाही. एक शून्य म्हणजे माल तयार होतोय पण वाट बंद. जुना जंतुसंसर्ग असू शकतो, किंवा वाहिनी जन्मतःच नसते. तिथे सुईने वृषणातून शुक्राणू काढता येतात. दुसरं शून्य म्हणजे मालच तयार होत नाही. क्लाइनफेल्टर, म्हणजे एक्स गुणसूत्र एक जास्त. वयात आल्यावर झालेला गालगुंडाचा आजार वृषणांत उतरलेला. कॅन्सरची केमो. यांतल्या काहींच्याही वृषणात मायक्रोस्कोपखाली शोधलं तर तुरळक जागी सापडतात. म्हणून शून्य कोणतं हे कळल्याशिवाय डोनरच्या फॉर्मवर सही करू नका.

---

निसर्गसेवक_५५ | १४ जून, सकाळी ११.२०

[हा प्रतिसाद काढला आहे. फोन नंबरसह तेल आणि चूर्णाची जाहिरात इथे चालणार नाही. – संपादक]

---

अबोली८९ | १४ जून, दुपारी १२.४५

तेल गेलं हे बरं झालं. पण आयुर्वेदाला एकदम हसू नये असं मला वाटतं. मला पीसीओएस. पाळी अडीच-तीन महिन्यांनी, हनुवटीवर केस, वजन ७८. वैद्यांनीच आहार-व्यायामाला लावलं, सात किलो उतरले, पाळी आपोआप ४० दिवसांवर आली. मग लेट्रोझोलच्या (अंडं वाढायच्या गोळीच्या) तिसऱ्या महिन्यात दिवस राहिले. मुलगी आता पहिलीत आहे.

---

कडुलिंब | १४ जून, दुपारी ३.३०

पीसीओएसमध्ये वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी अंडं पुन्हा फुटायला लागू शकतं. ते वैद्यांनी उतरवलं की सासूबाईंनी, बीजांडाला फरक पडत नाही. :)

लेट्रोझोलवरून आठवलं. हे मुळात स्तनाच्या कॅन्सरचं औषध. २०११ मध्ये आपल्याकडे वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पीसीओएसच्या बायकांत क्लोमिफीन या जुन्या गोळीपेक्षा लेट्रोझोलने जास्त बाळं जन्मली. आपल्याकडची बंदी उठली २०१७ ला. मधल्या काळात पेशंटला काय सांगायचं, हा रोजचाच पेच होता.

चूर्णांबद्दल एवढंच: जस्त आणि फॉलिक ॲसिड पुरुषांना देऊन काउंट वाढतो असं आम्हीही वर्षानुवर्षं समजत होतो. २०२० मध्ये दोन हजारांवर जोडप्यांवरची चाचणी आली, फरक शून्य. तेव्हा महागड्या "फर्टिलिटी" पुड्या ॲलोपॅथीच्या असोत की कुणाच्या, पाकीट जपून. बाईने मात्र रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड प्रयत्न चालू असल्यापासूनच घ्यावं. ते बाळाच्या मणक्यासाठी असतं.

---

सांजवात | १४ जून, रात्री ९.१५

मी वर्ध्याची. माझ्याकडे कारण वेगळंच निघालं, कोणाच्या कामी येईल म्हणून लिहिते.

पाळी वेळेवर यायची पण रक्तस्राव हळूहळू कमी झाला. दीड दिवसात संपायची. मला तर वाटे, बरंच आहे की. एचएसजीत दोन्ही नळ्या बंद. पिशवीच्या आतला तुकडा तपासला, टीबी निघाला. ना खोकला, ना ताप, छातीचा एक्स-रे साफ! घरी सांगितलं तर पहिला प्रश्न: "कोणाकडून आणला?" लहानपणी आजोबांना होता एवढंच मला माहीत.

सहा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यातून फुकट. निक्षयमधून (टीबीची सरकारी योजना) तेव्हा महिन्याला ५०० रुपये यायचे, आता नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. टीबी गेला, नळ्या काही उघडल्या नाहीत. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) केलं, फेल. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत दाखवलं की उजव्या नळीत पाणी साचलंय. ते पिशवीत झिरपतं आणि गर्भ टिकू देत नाही. दुर्बिणीने नळी काढली, मग दुसऱ्या वेळेला राहिलं. मुलगा चार वर्षांचा आहे, आत्ता शेजारी लोळून मोबाईल मागतोय.

पहिल्या आयव्हीएफच्या आधी ते पाणी कोणी का पाहिलं नाही, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. विचारायला हवा होता.

---

कडुलिंब | १४ जून, रात्री १०.००

सांजवात, पाणी भरलेली नळी आधी काढून किंवा क्लिप लावून मगच आयव्हीएफ, हा आता सर्वमान्य क्रम आहे.

याची दुसरी बाजू: आपल्याकडे नुसता पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला की टीबीच्या गोळ्या सुरू करायची घाई होते. ती तपासणी मेलेल्या जंतूचा अंश सापडला तरी पॉझिटिव्ह येते. नळ्यांची अवस्था, तुकड्याचा रिपोर्ट, कल्चर हे सगळं जुळवून ठरवायला हवं.

---

जुनी_कात्रणं | १५ जून, सकाळी ८.३०

थोडं अवांतर. ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी हर्षा चावडा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवला. काम केईएम आणि शेजारच्याच आयसीएमआरच्या प्रजनन संस्थेचं, तिथले डॉ. आनंद कुमार सोबतीला. महापालिकेचं रुग्णालय, लक्षात घ्या. पुढे २०१६ मध्ये हर्षालाच मुलगा झाला आणि बाळंतपण पुन्हा डॉ. हिंदुजांनीच केलं.

पण भारतातलं पहिलं ते नव्हेच. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडमधली लुईस ब्राऊन, हिच्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी दुर्गा नावाने ओळखली गेलेली मुलगी जन्माला घातली, तीही गर्भ गोठवून. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, जपानला जाऊ दिलं नाही, डोळ्यांच्या संस्थेत बदली केली. १९ जून १९८१ ला त्यांनी जीव दिला. त्यांची कागदपत्रं वाचून १९९७ मध्ये त्यांना पहिलेपणाचा मान कुणी मिळवून दिला? याच आनंद कुमारांनी. स्वतःच्या नावावरचा विक्रम स्वतः खोडला. असा माणूस.

---

ढगाळ_हवा | १५ जून, दुपारी ४.१०

लीड्सहून. इथे सरकारी आरोग्यसेवेत फुकट आहे असं नातेवाईकांना वाटतं. मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की दोन वर्षं प्रयत्न झाले असतील आणि बाई चाळिशीच्या आत असेल तर तीन सायकल द्या. प्रत्यक्षात तुम्ही कुठल्या भागात राहता यावर ठरतं, बऱ्याच ठिकाणी एकच मिळते. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३० च्या वर गेला की यादीतून बाहेर. नवऱ्याला आधीच्या लग्नाचं मूल असेल तरी बाहेर. मी बीएमआयच्या १.२ ने आठ महिने अडकले होते. आई फोनवर म्हणायची, "अगं खात जा नीट, म्हणून होत नाहीये."

इथे केंद्रांचे आकडे सरकारी नियामकाकडे बघता येतात, हे मात्र फार चांगलं. पस्तिशीच्या आत एका गर्भरोपणामागे साधारण तीनात एक बाळ. चाळिशीनंतर स्वतःच्या अंड्यांनी दहात एक. हे आधी माहीत असलं की पहिलं फेल गेल्यावर माणूस स्वतःला कमी कोसतो.

---

पोफळी | १५ जून, संध्याकाळी ६.००

गोव्यात बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेज) २०२३ पासून आयव्हीएफ मोफत सुरू झालंय. माझी भावजय जाते. गर्दी असते, पण बाहेर दीड-दोन लाख मोजण्यापेक्षा रांग परवडते. माळरान, महाराष्ट्रातही सरकारी मेडिकल कॉलेजांत निदान तपासण्या आणि आययूआय कुठे होते ते विचारून ठेवा.

---

कडुलिंब | १५ जून, रात्री ९.४५

खाजगीत जाणारच असाल तर काय विचारायचं ते सांगते, कारण फलकांवर "८० टक्के यश" असं झोकात लिहिलेलं असतं.

कशाचे ८० टक्के? रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली त्याचे, की बाळ घरी गेलं त्याचे? कोणत्या वयाच्या बायकांत? स्वतःच्या अंड्यांनी की डोनरच्या? एवढे प्रश्न विचारले की आकडा खाली येतो. केंद्राची २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या) कायद्याखाली नोंदणी आहे का, आणि ती लेव्हल २ ची आहे का, ते बघा. लेव्हल १ ला फक्त आययूआयची परवानगी असते. याच कायद्याने बाईला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षांची मर्यादा घातलीय. अंडी देणारी बाई आयुष्यात एकदाच देऊ शकते, सातच्या वर अंडी काढायची नाहीत. पॅकेजमध्ये इंजेक्शनं धरलीत का, गर्भ गोठवायचे आणि वर्षाचं भाडं वेगळं का, हे लिहून घ्या. उरलेल्या गर्भांचं काय करायचं ते तुम्ही दोघांनी आधी ठरवा. आणि मुलगाच हवा असा विषय कोणी हळू आवाजात काढला तर उठून बाहेर या. गुन्हा आहे तो.

अंडी काढल्यावर पोट फुगलं, वजन भराभर वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला तर रात्री दोनलाही फोन करायचा. सकाळची वाट बघायची नाही.

---

तिसरा_मजला | १५ जून, रात्री ११.३०

आमचं झालं नाही. बायकोला एंडोमेट्रिओसिस (पिशवीचं अस्तर बाहेर वाढणं), दोन्ही बीजांडांत चॉकलेट सिस्ट (त्याच्याच रक्ताच्या गाठी), दोनदा ऑपरेशन आणि दर ऑपरेशनागणिक साठा कमी. तीन आयव्हीएफ. तिसऱ्यात सात आठवड्यांचे ठोके ऐकले होते, मग थांबले.

चौथं करायचं की नाही, हे कोणी सांगत नाही. डॉक्टर "बघू या अजून एकदा" म्हणतात, घरचे तसंच म्हणतात. पैसे पीएफमधून काढलेले. शेवटी बायको म्हणाली, मला सुया नकोत. संपलं. दत्तकासाठी कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी केली. लग्नाला दोन वर्षं झालेली असावी लागतात आणि दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत. रांग मोठी आहे, आमची साडेतीन वर्षं गेली. म्हणून म्हणतो, आयव्हीएफ सगळे संपल्यावर नोंदणी करू असं ठेवू नका. वय तिकडेही मोजतात.

जोतिबा फुल्यांना मूल नव्हतं, दुसरं लग्न करा म्हणून आग्रह झाला, तो त्यांनी धुडकावला आणि १८७४ मध्ये यशवंताला दत्तक घेतलं. यशवंत पुढे डॉक्टर झाला. आमच्या लेकीला हे सांगितलं तर ती विचारते, त्याला पण इंजेक्शन द्यायला आवडायचं का?

---

करवंद | १६ जून, दुपारी १.२०

मी माळरान यांची बायको. काल रात्री त्यांनी मोबाईल देऊन सांगितलं, वाच. सगळं वाचलं.

काही दुरुस्त्या. गोळ्या सहा महिने नाही, नऊ महिने. त्यात डोकं दुखायचं, डोळ्यांपुढं काजवे यायचे. तेव्हा हे रात्रपाळीला असायचे.

"आम्ही एचएसजी केली, आम्ही दुर्बिणीचं ऑपरेशन केलं" असं लिहिलंय. आम्ही नाही. मी केलं. हे बाहेर चहा पीत होते.

चिठ्ठी पँटीत धुतली गेली ती मला सापडली होती, मशीनमध्ये लगदा झालेली. कशाची आहे ते कळलं नव्हतं. काल रात्री धाग्यावर कळलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जायचं मी २०२२ पासून बंद केलं. कोणी वाईट बोलत नव्हतं, पण माझ्याआधी शेजारणीला ओटीचा नारळ जायचा आणि माझ्या हातात नुसतं वाण. यांचा रिपोर्ट आल्यावरही सासूबाईंना सांगितलेलं नाही. त्यांच्यासाठी अजून माझ्यातच दोष आहे, म्हणून वाडीचा नवस. मी नवसाला नाही म्हणत नाही, वाडीला मला बरं वाटतं. पण सांगायचं ते यांनी सांगावं.

डॉक्टर, एएमएचचा जुना कागद मला सापडला. ड्रिलिंगच्या आधी २.६.

---

कडुलिंब | १६ जून, दुपारी २.००

ताई, एवढी घट फक्त वयाने या काळात झाली असेल असं म्हणणं कठीण आहे, आणि फक्त ड्रिलिंगने झाली असंही या दोन आकड्यांवरून ठामपणे म्हणता येणार नाही. पण तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. आयव्हीएफ करणाऱ्यांना इंजेक्शनाचा डोस ठरवताना लागेल.

आणि तुम्हाला काय करायचंय, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

---

करवंद | १६ जून, दुपारी ३.१५

आययूआय आता नाही. आयसीएसआय एकदा, दसऱ्यानंतर. गर्भ उरले तर तेवढे वापरू, पण नव्याने सुया पुन्हा नाहीत. काराची नोंदणी याच महिन्यात. हे मी ठरवलंय, यांना आत्ता वाचून कळेल.

---

सांजवात | १६ जून, दुपारी ३.४०

करवंदताई, वर्ध्याहून एक मिठी. विपू (विचारपूस) करते तुम्हाला.

---

माळरान | १७ जून, रात्री १०.५०

मान्य. सगळं.

आईला आज सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हिच्यासाठी चहा टाकला, आणि मला म्हणाली, तुझा तू करून घे. भट्टीवरून पॅटर्न शॉपला बदली मागितलीय, साहेब बघतो म्हणाले. मावा आज सकाळपासून बंद.

---

काचपट्टी | १७ जून, रात्री ११.०५

१७ जून. वहीत लिहून ठेवा. नव्वद दिवस धरले तर १५ सप्टेंबर. त्याच्या आत रिपोर्ट करू नका, पैसे वाया जातील. आणि बाटली शर्टाच्या आत.